ओला पारा मोजा: महापालिका आयुक्तांना डिलाईल रोडवरून खुलं पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
महापालिका मार्ग, फोर्ट, मुंबई

विषय : डिलाईल रोड परिसरातील रात्रीचा दमट उष्मा आणि त्या रात्रींत होणारे मृत्यू यांची नोंद ठेवून ती जाहीर करण्याबाबत.

माननीय आयुक्त,



मी डिलाईल रोडवर दवाखाना चालवते. गिरणी कामगाराची मुलगी आहे, याच रस्त्यावर वाढले आणि शिक्षण संपल्यावर याच रस्त्यावर परत आले. आपल्याकडे रोज ढीगभर पत्रं येत असतील, म्हणून मागणी आधीच सांगते. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात आमच्या भागातली रात्र किती उष्ण आणि किती दमट गेली, हे महापालिकेने रोज मोजावं. त्या दिवशी वॉर्डातली किती माणसं दगावली, हा आकडा त्याच्याशेजारी मांडावा. दोन्ही आकडे लोकांसमोर ठेवावेत आणि त्यांच्या आधारे रात्रीची आरोग्यव्यवस्था उभी करावी. हे का मागते आहे, ते पुढे सविस्तर लिहिते.

उष्णतेची लाट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चंद्रपूर, नागपूर, जळगाव येतं. भर दुपार, ओस पडलेले रस्ते, डोक्याला बांधलेला पंचा. मुंबईकर म्हणतो, आमच्याकडे समुद्र आहे, आम्हाला काय होणार. पण आजारी माणसाच्या दृष्टीने समुद्राचीच तर अडचण आहे. शरीर स्वतःला थंड करतं ते घाम वाळवून. नुसता घाम आल्याने थंड वाटत नाही, तो वाळावा लागतो. हवेत आधीच पाण्याची वाफ भरलेली असेल, तर घाम ठिबकत राहतो, वाळत नाही आणि आतली उष्णता आतच राहते. मग हृदयाला जास्त रक्त कातडीकडे ढकलावं लागतं आणि ते जोरात धावू लागतं. तरुण माणसाचं हृदय हे सोसतं. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या माणसाचं हृदय किती रात्री सोसणार?

हा दमट उष्मा मोजायची एक जुनी, साधी रीत आहे. थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि पारा कुठे थांबतो ते पाहायचं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि पारा खूप खाली उतरतो. हवा दमट असली की तो उतरतच नाही. ओल्या फडक्याचा पारा जिथे थांबतो, त्याच्याखाली घाम गाळून शरीर जाऊ शकत नाही. हिशेब करून पाहा. नागपुरात 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर ओला पारा 23 च्या आसपास थांबतो. आमच्या रस्त्यावर 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर तो 28 च्याही वर असतो. बातम्यांत नागपूर 44 म्हणून झळकतं आणि मुंबईचे 33 अंश कुणाच्या खिजगणतीत नसतात. खोलीत चूल पेटलेली असेल, पारा 35 आणि आर्द्रता 65 टक्के असेल, तर ओला पारा साडेएकोणतीसच्या जवळ जातो. 35 ला पोचला तर धडधाकट माणूससुद्धा काही तासच तग धरेल असं शास्त्र सांगतं, आणि म्हाताऱ्या, आजारी माणसांची हद्द त्याच्या पुष्कळ अलीकडे आहे.

खारघरची आठवण आपल्याला असेल. 16 एप्रिल 2023 ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्या 14 माणसांचा जीव गेला. जवळच्या केंद्रावर पारा चाळिशीच्या आतच होता. किनाऱ्यावर माणूस मरायला 44 अंश लागत नाहीत, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

आता हवामान खात्याचे निकष पाहा. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर होते ती कमाल पारा किमान 37 असेल आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल तेव्हा. ‘उष्ण रात्र’ असाही एक वर्ग खात्याकडे आहे, पण तो लागू होतो दिवसाचा पारा 40 किंवा त्याच्या वर असेल तेव्हाच. मुंबईचा पारा चाळिशीला क्वचितच टेकतो. म्हणजे या शहरात रात्र कितीही जीवघेणी गेली, तरी कागदावर ती बहुधा कधीच ‘उष्ण रात्र’ ठरणार नाही. हवामान खातं केंद्राचं आहे, त्याचे निकष आपल्या हातात नाहीत, हे मी जाणते. खात्याने 2023 पासून आर्द्रता धरून उष्णता निर्देशांक काढायला प्रायोगिक सुरुवात केली आहे, हेही चांगलंच आहे. पण वॉर्डातल्या माणसाचं आरोग्य ही आपली जबाबदारी आहे आणि त्यासाठी स्वतःचा निकष ठरवण्यापासून महापालिकेला कुणी अडवलेलं नाही.

तो निकष कुठून आणायचा, याचं उत्तर आमच्या याच रस्त्यावर आहे, म्हणून तर हे पत्र डिलाईल रोडवरून लिहिते आहे.

माझे वडील विणाई खात्यात साच्यावर होते. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून शेडमध्ये मुद्दाम दमटपणा सोडला जायचा. खिडक्या बंद, साच्यांचा खडखडाट, वरून पाण्याचे तुषार. पाळी संपवून घरी यायचे तेव्हा अंगातला सदरा पिळून काढावा लागायचा, असं आई सांगायची. या दमटपणाविरुद्ध कामगारांच्या तक्रारी फार जुन्या होत्या. त्या इतक्या वाढल्या की सरकारला चौकशी करावी लागली, आणि 1923 मध्ये टी. मलोनी यांचा भारतातल्या कापड गिरण्यांमधल्या कृत्रिम दमटपणावरचा अहवाल आला. पुढे कामगारांच्या परिस्थितीवरच्या व्हिटली आयोगाने 1931 च्या आपल्या अहवालात हा प्रश्न घेतला. त्या आयोगाचे एक सदस्य होते नारायण मल्हार जोशी. आमच्या रस्त्याला आज अधिकृतपणे त्यांचंच नाव आहे.

त्यातून कायदे झाले, नियम झाले. कृत्रिम दमटपणा वापरणाऱ्या खात्यात भिंतीवर दोन थर्मामीटरचं यंत्र लावणं बंधनकारक झालं, एक कोरडं आणि एक ओल्या फडक्याचं. त्याचे आकडे दिवसातून तीनदा नोंदवहीत भरायचे: सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, अकरा ते दोनच्या दरम्यान आणि चार ते साडेपाचच्या दरम्यान. कोरड्या पाऱ्याला ओला पारा किती असला की दमटपणा बंद करायचा, याचं कोष्टकच नियमात दिलेलं होतं. वाफ सोडायची असेल तर शेडचा पारा 85 फॅरनहाईटच्या, म्हणजे साधारण साडेएकोणतीस सेल्सिअसच्या वर गेलेला चालत नसे. पुढे कारखान्यांच्या आदर्श नियमांत आणखी एक आकडा आला: कामाच्या जागी ओला पारा 30 अंशांच्या वर जाता कामा नये आणि हवा खेळती असली पाहिजे.

मालक हे नियम नेहमी पाळत होते, असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण कामगाराच्या शरीराला किती दमट उष्मा सोसवतो, हे राज्याने एकदा ठरवलं होतं, आकड्यात लिहिलं होतं आणि तो आकडा रोज टिपायला माणूस नेमलेला होता. अपोलो, सीताराम, पोद्दार या गिरण्या याच रस्त्यावर होत्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो कधी धड मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर ती नोंदवहीही गेली. आज ती साच्याच्या शेडमधली हवा अख्ख्या वस्तीत भरून राहिली आहे आणि मोजणारं कुणी नाही.

ही हवा अशी का झाली, त्याची दोन कारणं आहेत. एक जगाचं आहे. पृथ्वी तापते आहे, अरबी समुद्र तापतो आहे, आणि हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. दमट किनाऱ्यावरच्या शहराला याची किंमत दुपारपेक्षा रात्री जास्त मोजावी लागते, कारण जमिनीतून निघालेली उष्णता ही वाफ अडवून धरते. ऋतूंचं वेळापत्रकही आता भरवशाचं राहिलेलं नाही. 2025 च्या फेब्रुवारीतच मुंबईसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला आणि त्याच वर्षी 26 मे ला मान्सून दाखल झाला, इतका लवकर की 1950 नंतर तशी नोंद नाही.

दुसरं कारण मात्र आपल्या शहराने आपल्या हाताने घडवलं आहे, आणि त्याबद्दल मला राग आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांशाच्या आसपास म्हाडाला घरांसाठी मिळायची होती. 2001 मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त रिकाम्या तुकड्यांपुरती उरली. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरण्यांची एकूण जमीन सुमारे 600 एकर होती. मूळ नियमाने गिरणगावाच्या मधोमध केवढी मैदानं, केवढी झाडं आली असती, ते आपणच पाहा. झाडाखालची माती सूर्यास्तानंतर लवकर निवते. काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत तापलेलंच राहतं. त्यात भर म्हणून टॉवरांच्या वातानुकूलन यंत्रांची गरम हवा खालच्या गल्लीत सोडली जाते. वरच्या माणसाच्या झोपेची उष्णता खालच्या माणसाच्या खिडकीतून आत येते.

खालचा माणूस राहतो कसा, हे आपण जाणता. डिलाईल रोडच्या 32 बीडीडी चाळी 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या. मधोमध वऱ्हांडा, दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या. हवा आरपार खेळायची ती समोरासमोरची दारं उघडी ठेवली तरच. म्हणून दारं उघडी असायची. माणसं पाळ्यापाळ्यांनी झोपायची, आणि उन्हाळ्यात पुरुषमंडळी वऱ्हांड्यात, गच्चीवर, दोन चाळींच्या मधल्या पटांगणात पथारी टाकायची. गरिबीतली का असेना, उष्म्यावरची ती एक व्यवस्था होती. आता पुनर्विकास चालू आहे. वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, आमच्याकडच्या लोकांनीही तीच आस धरली आहे. स्वतःचा संडास, स्वतःचं न्हाणीघर, बायकांना रात्री दाराला कडी लावता येणं, याचं मोल चाळीत न राहिलेल्यांना कळणार नाही. मला ही घरं हवीच आहेत. पण दार बंद झालं, पटांगणाच्या जागी गाड्यांची पार्किंग आली आणि वीज गेली किंवा बिल परवडेनासं झालं, तर बाविसाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने मे महिन्यातली रात्र कशी काढायची, याचा विचार नकाशावर कुठे दिसत नाही. हे काम म्हाडाचं आहे हे खरं. तरी या माणसांच्या आरोग्याचा भार शेवटी आपल्याच रुग्णालयांवर येणार आहे, म्हणून आपण म्हाडाशी बोलावं.

माझ्या दवाखान्यात उष्म्याचे रोगी ‘उष्मा’ म्हणून येत नाहीत. ‘डॉक्टर, झोप नाही’, ‘पाय गळून गेलेत’, ‘लघवीला जळजळ होते’, ‘छातीत धडधडतं’ असं म्हणत येतात. कुणाला रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असते, ती शरीरातलं पाणी आणखी काढून टाकते. हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी असेल, तर उष्म्यात हृदयाला हवा तो वेग घेता येत नाही. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घामच कमी येतो. उन्हाळा आला की या गोळ्यांचा पुन्हा विचार करावा लागतो, आणि ते डॉक्टरनेच करायचं असतं, रोग्याने मनाने गोळी बंद करायची नसते. दुपारची गर्दी मला तितकी घाबरवत नाही. सलग तिसऱ्या-चौथ्या रात्री गारवा आला नाही की मी अस्वस्थ होते. झोपेत शरीराचं तापमान उतरतं, हृदयाला तेवढीच विश्रांती मिळते. ती विश्रांती सलग काही रात्री मिळाली नाही, की आधीच थकलेलं हृदय पहाटे कधीतरी हार मानतं.

मग मला बोलावणं येतं. वरच्या मजल्यावरची खोली, पंखा चालू, माणूस रात्री झोपला तो उठलाच नाही. घरच्यांना अंत्यविधीसाठी दाखला हवा असतो. घरी झालेल्या मृत्यूसाठी जो नमुना 4-अ आहे, त्यात तात्काळ कारण, त्यामागचं कारण आणि मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी अशा जागा आहेत. सगळीकडे लिहिलं जातं ते हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह. ते खोटं नसतं. पण ती रात्र जर सहा अंशांनी थंड असती तर हा माणूस सकाळी चहा प्यायला असता का, हा प्रश्न त्या कागदावर कुणी विचारत नाही. इतर गोष्टींच्या जागेत अतिउष्म्याचा उल्लेख करता येतो, रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला एक्स-30 हा स्वतंत्र संकेतांकसुद्धा आहे. तो कधी आणि कशाच्या आधारे लिहायचा, याचं साधं मार्गदर्शन वॉर्डातल्या खासगी डॉक्टरांना मिळालं पाहिजे. त्या रात्रीच्या ओल्या पाऱ्याचा आकडाच हाताशी नसेल, तर कुठलाही प्रामाणिक डॉक्टर नुसत्या अंदाजाने ‘उष्मा’ लिहिणार नाही.

दाखल्यांवरून कळत नसेल तर मोजायचं कसं, हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. 1896 मध्ये मांडवीत प्लेग आला. लोक रोगी लपवत, दाखल्यावर दुसरंच काही येई. तेव्हा महापालिकेने आठवड्याचे एकूण मृत्यू घेतले, मागच्या वर्षांतल्या त्याच आठवड्याची सरासरी काढली आणि दोन्हींतला फरक पाहिला. जास्तीचे मृत्यू कुठे होताहेत, हे वॉर्डावॉर्डाने दिसू लागलं. परळची हाफकिन संस्था आणि सुधार ट्रस्ट, हे त्या साथीच्या धक्क्यातूनच आलं.

तीच रीत वापरून अहमदाबादच्या बाबतीत एक गोष्ट उघड झाली. मे 2010 मध्ये तिथे नेहमीच्या मे महिन्यापेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले होते. उष्माघाताच्या नोंदी पाहून हे कधीच कळलं नसतं. त्या मे महिन्यातल्या उष्म्याने अहमदाबाद महापालिका हलली आणि 2013 मध्ये तिथे उष्णतेसाठीचा कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला तो पहिला. फ्रान्समध्ये 2003 च्या ऑगस्टमध्ये जवळपास 15,000 माणसं नेहमीपेक्षा जास्त गेली. त्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती, आणि पॅरिसमध्ये छपराखालच्या वरच्या खोल्यांत राहणाऱ्यांना जास्त धोका होता. त्या दिवसांत तिथल्या रात्रीही निवल्या नव्हत्या. दुसऱ्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि एकट्या वृद्धांची यादी ठेवण्याचं काम प्रत्येक गावच्या महापौराकडे आलं. इशारा आला की त्या यादीतल्या माणसांना फोन जातो.

आपल्याकडे 13 मार्च 2022 ला मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. ऊर्जा आणि इमारती, वाहतूक, कचरा, हरित क्षेत्र आणि जैवविविधता, हवेची गुणवत्ता, पूर आणि जलव्यवस्थापन अशी सहा क्षेत्रं त्यात आहेत. आराखड्यात उष्णतेच्या धोक्याचा विचार आहे, आणि 2050 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं ध्येय मोठं आहे. पण आरोग्य हे स्वतंत्र क्षेत्र त्यात नाही. हवामानबदल माणसाला शेवटी भेटतो तो त्याच्या शरीरातच. ते शरीर सातव्या क्षेत्राच्या रूपाने आराखड्यात आलं पाहिजे.

पावसाच्या बाबतीत महापालिका किती शिकली, ते मी जवळून पाहिलं आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त 73. एका केंद्राच्या आकड्यावर शहर चालवता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. मग ठिकठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आणि आज वॉर्डावॉर्डातला पाऊस दर 15 मिनिटांनी कळतो. पाणी तुंबलं की लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घ्या, असं आवाहन होतं, ते लोकांपर्यंत पोचतं आणि त्याने जीव वाचतात. पुराच्या पाण्यातून चालून आलेला माणूस आता स्वतःच विचारतो, ‘डॉक्टर, ती गोळी घेऊ का?’ मलेरिया आणि डेंग्यूसाठी टाक्या तपासणारी आपली माणसं टॉवरच्या गच्चीपर्यंत चढतात. उंदीर मारण्यासाठी तर महापालिकेकडे खास रात्रपाळीचे कामगार आहेत. आम्ही झोपलेले असतो तेव्हा ते बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्यांतून फिरतात, आणि पावसाळ्यात लेप्टोचे रोगी आटोक्यात राहतात त्यात त्यांच्या कष्टांचा मोठा वाटा आहे. जी महापालिका उंदरांसाठी रात्रपाळी लावू शकते, ती उष्म्यासाठीही लावू शकेल, असा माझा विश्वास आहे.

त्यासाठी नवी यंत्रंसुद्धा फारशी लागणार नाहीत. पाऊस मोजणारी हीच केंद्रं तापमान आणि आर्द्रताही टिपतात. त्यातून ओला पारा काढणं हे संगणकाचं क्षणभराचं काम आहे. तो आकडा रोज रात्री दहाला आणि पहाटे पाचला वॉर्डनिहाय जाहीर व्हावा. मृत्यूंचंही तसंच. वरळीच्या स्मशानभूमीतली नोंद, रुग्णालयांतली नोंद, सगळं आपल्याच आरोग्य खात्याकडे येतं. मात्र एक काळजी घ्यावी लागेल. डिलाईल रोडचा माणूस केईएम रुग्णालयात गेला तर त्याचा मृत्यू परळच्या वॉर्डात नोंदला जातो आणि नायरमध्ये गेला तर भायखळ्याच्या. उष्म्याचा हिशेब करताना माणूस मेला कुठे यापेक्षा तो झोपत कुठे होता, हे महत्त्वाचं आहे. मृताच्या राहत्या पत्त्यावरून मोजणी केली तरच आमच्या गल्लीची गोष्ट कळेल.

आकडे आले की पुढची कामं डोळ्यांसमोर उभी राहतील. काही मी आत्ताच सुचवते. बेस्ट आपली आहे आणि आमच्या शहर भागात वीज तीच पुरवते. दमट हवेत पंखा हे औषध आहे. मार्च ते जून बिल थकलं म्हणून कुठल्याही घराची वीज तोडू नये, आणि रात्री वीज गेली तर दुरुस्तीची गाडी जिथे वृद्ध जास्त आहेत त्या वस्तीत आधी जावी. आमच्याकडे पाणी ठराविक वेळी येतं, ते पिंपात भरून ठेवलं जातं आणि रात्रीपर्यंत बहुतेक संपतं. झोपण्यापूर्वी अंगावर चार तांबे पाणी घेणं हा गरिबाला परवडणारा सर्वांत चांगला उपाय आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी थोडा वेळ जास्तीचं पाणी सोडता आलं, तर त्याचा उपयोग कुठल्याही जाहिरात फलकापेक्षा जास्त होईल. मे महिन्यात पालिकेच्या शाळा बंद असतात. सीताराम मिल कंपाउंडसारख्या शाळेतले दोन वर्ग थंड करून, खाली गाद्या घालून, पिण्याचं पाणी आणि एक परिचारिका ठेवून रात्रीपुरते उघडता येतील. ज्यांना घरी जीव नकोसा होतो अशी म्हातारी माणसं, गरोदर बायका तिथे येऊन झोपतील. ‘आपला दवाखाना’ रात्री दहाला बंद होतो, ओला पारा चढलेला असेल त्या रात्री निदान एक तरी पहाटेपर्यंत उघडा असावा. आरोग्य स्वयंसेविकांना घराघरातली माणसं नावानिशी माहीत असतात. कोण एकटं राहतं, कुणाला लघवीची गोळी चालू आहे, कोण अंथरुणाला खिळून आहे, ही यादी त्यांच्याकडून करून घ्यावी. मात्र त्या कामाचे वेगळे पैसे त्यांना द्यावेत. या शहराचं आरोग्य आजवर या बायकांच्या तुटपुंज्या मानधनावर उभं आहे.

सफाई कामगार, टॉवरच्या दाराशी पत्र्याच्या चौकीत बारा तास बसणारे पहारेकरी, पाठीवर खोकी घेऊन जिने चढणारी पोरं यांच्याबद्दल स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. इथे एवढंच म्हणते की साच्यावरच्या कामगारासाठी ओल्या पाऱ्याची 30 अंशांची जी मर्यादा कारखान्यांच्या नियमांत लिहिली गेली, तीच यांच्यासाठी आजपासून पाळायला काय हरकत आहे? घरात झोपणाऱ्या आजाऱ्यासाठी ती याहून खाली असावी लागेल. किती खाली, ते आपल्याच मृत्यूंच्या आणि पाऱ्याच्या नोंदी दोन उन्हाळ्यांत सांगतील.

मुंबईत उष्माघाताने माणसं मरत नाहीत, मग हा खर्च कशासाठी, असं आपल्याला कुणी सांगेल. त्यांना विचारा, आपण मोजलं आहे का? मागच्या दहा वर्षांचे रोजचे मृत्यू आणि रोजचा ओला पारा एकत्र मांडून पाहा. माझं म्हणणं चूक निघालं, तर मला फार आनंद होईल. दोन्ही आकडे आपल्याच कपाटांत आहेत, त्यांची गाठ घालून देणारा एक आदेश तेवढा हवा आहे, आणि तो काढण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

जी दक्षिण विभागाचं कार्यालय याच रस्त्यावर, धनमिल नाक्याला आहे. सुरुवात तिथून करावी, अशी विनंती आहे. एका वॉर्डात एक उन्हाळा हे करून पाहायला नवा कायदा लागत नाही, मोठी निविदा लागत नाही. विभागाच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांनी परिसरातल्या खासगी डॉक्टरांना एकदा बोलवावं. मी येईन, माझ्याबरोबर आणखीही डॉक्टर येतील, याची खात्री देते. रोग्यांची नावं गाळून माझ्या दवाखान्यातल्या उन्हाळ्यातल्या नोंदी मी आपल्या खात्याला द्यायला तयार आहे. मार्च उजाडण्याआधी ही बैठक व्हावी, कारण त्यानंतर आमच्यापैकी कुणालाच बसून बोलायला वेळ मिळत नाही.

आपली,
डिलाईल रोडवरची एक डॉक्टर